चाळीस हजार झाकणं आणि एक सही

माल्टे ब्रुन्सने गुरुवारचं वेळापत्रक सात वेळा लिहिलं होतं. सातव्या आवृत्तीत सकाळी साडेआठ ते दुपारी बारा हा वेळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौदा तुकड्यांत कापलेला होता, आणि प्रत्येक तुकड्यापुढे कोण, कुठे, किती पावलं चालायचं आणि पाऊस आला तर काय, हे लिहिलेलं होतं. पाऊस येणार नव्हता. तरी लिहिलं होतं.

एकच गोष्ट त्या कागदावर नव्हती. त्याच गुरुवारी माल्टेला तीस वर्षं पूर्ण होत होती.

हॉलरश्टेडमध्ये लग्न झालेल्या माणसाने तिशी गाठली तर केक कापतात. लग्न न झालेल्याने गाठली तर मित्र येतात, त्याला काळा लांब कोट आणि उंच टोपी चढवतात, नगरभवनाच्या पायऱ्यांवर बिअरच्या बाटल्यांची झाकणं ओततात आणि हातात झाडू देतात. मग एखादी बिनलग्नाची बाई येऊन गालाचा मुका घेईपर्यंत झाडायचं. खालून हा झाडत आणतो, वरून मित्र ओतत राहतात. माल्टेने गेल्या चार वर्षांत पाच मित्रांच्या डोक्यावर ही टोपी स्वतःच्या हाताने ठेवली होती. त्यामुळे आपली पाळी आली की काय होईल, याबद्दल त्याच्या मनात कसलाही गैरसमज नव्हता.

म्हणून त्याने तीन आठवडे आधीच मित्रमंडळींना सांगून ठेवलं, "गुरुवारी मी म्युनिकला असणार, कामासाठी."

"हो का? बरं," एवढंच वीबके म्हणाली होती. वीबके त्याची पहिलीपासूनची वर्गमैत्रीण. एवढं कमी बोलण्याची तिची सवय नव्हती, हे तेव्हाच त्याच्या लक्षात यायला हवं होतं. बाकी वाढदिवसाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, आणि सगळे विसरले असं समजून माल्टे निर्धास्त झाला. पण हॉलरश्टेडमध्ये वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं म्हणजे घोर अपशकुन. तिथे आधी कोणीच बोलत नाही; विसरलेला बोलत नाही आणि न विसरलेलाही बोलत नाही. त्या शांततेवरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

शिवाय त्याला दुसरीच काळजी होती. माल्टे विद्यापीठाच्या स्वागत कक्षात काम करायचा. जगभरातले मोठे संशोधक हॉलरश्टेडला यावेत, आणि आल्यावर त्यांना घर, शाळा, डॉक्टर, बँक सगळं मिळावं, हे पाहणारा हा दोन माणसांचा विभाग होता: माल्टे आणि डिर्क्सेन बाई. गेल्या दोन वर्षांत दोन मोठी नावं अगदी दाराशी येऊन परत गेली होती. कुलसचिव ओल्टमान्स बाईंनी शांतपणे सांगून टाकलं होतं, "तिसऱ्यांदाही नकार आला, तर सप्टेंबरअखेर कक्ष बंद." डिर्क्सेन बाईंनी सामान भरायला पुठ्ठ्याची दहा खोकी आणून दारामागे उभी करून ठेवली होती. "लागली तर असावीत," त्या म्हणाल्या. माल्टे दार उघडताना त्या खोक्यांकडे बघायचं टाळत असे.

तिसरं नाव होतं इनेस बारेरो. उरुग्वेच्या या बाईंनी तीस वर्षं एकाच प्रश्नाचा पाठलाग केला होता: दाणे अडकतात का? कोठारातलं धान्य, कारखान्यातल्या गोळ्या, दारातून एकदम बाहेर पडू पाहणारी गर्दी. या विषयात जगात त्यांच्याइतकं कोणाला कळत नव्हतं. त्यांना दोन विद्यापीठांनी बोलावलं होतं. एक हॉलरश्टेड, दुसरं दूर दक्षिणेला, मोठ्या तळ्याकाठचं, जास्त श्रीमंत. हॉलरश्टेडच्या प्रस्तावाची मुदत दोनदा वाढवून झाली होती. ती आता गुरुवारी दुपारी बाराला संपणार होती, आणि या खेपेला ओल्टमान्स बाई ती एका मिनिटानेही वाढवणार नव्हत्या.

साडेआठला हॉटेलच्या दारात इनेस बाई आल्या, त्या काखेत थर्मास मारून. दुसऱ्या हातात वाळक्या भोपळ्याचा छोटासा पेला आणि त्यात त्यांच्याकडचा कडवट चहा ओढायची धातूची नळी. त्या पुढे आल्या आणि त्यांनी गाल पुढे केला. माल्टेने त्याच क्षणी हात पुढे केला. हात थर्मासवर आपटला, गाल हवेतच राहिला.

"आमच्याकडे गालावर मुका देऊन सकाळ सुरू होते," त्या हसून इंग्रजीत म्हणाल्या.

"आमच्याकडे हात मिळवतात," माल्टे कानापर्यंत लाल होत म्हणाला.

"असू दे हो. थर्मास वाचला, तेवढं पुरे."

मग चौदा तुकडे एकामागून एक सुरू झाले. पहिल्या प्रयोगशाळेत कंपनं मोजणारं नवं यंत्र दाखवलं. दुसरीत इतका वेगवान कॅमेरा, की सेकंदाला लाखभर चित्रं घेतो. सगळं लखलखीत होतं. इनेस बाई प्रत्येक ठिकाणी सगळं नीट ऐकून घेत आणि शेवटी एकच प्रश्न विचारत.

"गेल्या महिन्यात इथे काय चुकलं?"

पहिले प्राध्यापक गोंधळून म्हणाले, "काहीच नाही."

दुसऱ्यांनी छाती पुढे काढून सांगितलं, "गेल्या वर्षभरात काहीच नाही."

तिसऱ्यांनी तर त्याचं प्रमाणपत्रच दाखवलं. प्रत्येक उत्तरानंतर इनेस बाई नळीतून एक घोट घेत आणि जरा जास्त गप्प होत. माल्टेला ते दिसत होतं, पण काय चाललंय ते कळत नव्हतं. उत्तरं तर बरोबर होती! ही उत्तरं द्या असं त्यानेच तर सगळ्यांना पत्र लिहून कळवलं होतं.

दहा वाजता त्याने त्यांना घर दाखवलं. हॉलरश्टेडमध्ये भाड्याचं घर म्हणजे चार भिंती आणि स्वयंपाकघराच्या जागी पाण्याचे दोन नळ. ओटा, शेगडी, कपाटं ज्याची त्याने आणायची. माल्टेने मात्र आठवडाभर खपून आख्खं स्वयंपाकघर बसवून घेतलं होतं. सुऱ्यासुद्धा लांबीप्रमाणे ओळीत लावल्या होत्या.

"छान आहे," इनेस बाई म्हणाल्या. "दवाखान्यासारखं."

साडेदहाला ते दोघं ट्राममध्ये बसले. पुढचा कार्यक्रम पावणेअकराचा होता: नगरभवनात नवीन रहिवाशाची नोंदणी किती सोपी आहे, हे प्रत्यक्ष दाखवणं. ही वेळ डिर्क्सेन बाईंनी ठरवली होती. "दुसऱ्या कुठल्याच दिवशी मिळाली नाही बघ," असं त्या माल्टेकडे न बघता म्हणाल्या होत्या.

ट्राम पुलावर आली तेव्हा इनेस बाईंनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"माल्टे, तुम्ही फार कष्ट घेतलेत. म्हणून तुम्हाला आधी सांगते. मी तळ्याकाठच्या लोकांना हो म्हणणार आहे."

माल्टेच्या डोळ्यांपुढे पुठ्ठ्याची दहा खोकी आली.

"घर आवडलं नाही का?"

"घर छान आहे. यंत्रं छान आहेत. पण हे बघा, मी अडकण्याचा अभ्यास करते. सगळं सुरळीत वाहत असेल तर मला काही दिसतच नाही. मी आयुष्यात जे काही शोधलं ना, ते सगळं काहीतरी बिघडलं म्हणून. आणि तुमच्याकडे म्हणे काही बिघडतच नाही. जिथे काही चुकत नाही, तिथली माणसं एक तर खोटं बोलतात, नाही तर नवीन काही करून बघत नाहीत. या वयात मला दोन्ही परवडणार नाही."

"तळ्याकाठी चुकतं?"

"तिथेही नाही चुकत. पण तिथून डोंगर तरी दिसतात."

यावर काय बोलावं हे वेळापत्रकात नव्हतं. माल्टे कसाबसा म्हणाला, "पण पावणेअकराचा कार्यक्रम आहे अजून."

"बघू की," त्या दयेने म्हणाल्या.

नगरभवनाच्या चौकात उतरताना माल्टे पायाकडे बघत होता. त्यामुळे पायऱ्या त्याला उशिरा दिसल्या. आधी ऐकू आली ती पेटी. दांडा फिरवून वाजवायची, चाकांवरची पेटी. ती फक्त म्हातारे युर्गन्स वाजवत, आणि एकाच प्रसंगी वाजवत.

माल्टेचे पाय जागच्या जागी थांबले. तीन आठवडे जिकडे फिरकायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, तिथे तो स्वतःच्याच वेळापत्रकाप्रमाणे, वेळेच्या दोन मिनिटं आधी, स्वतःच्या पायांनी चालत आला होता.

"म्युनिक फार जवळ आलं रे!" पायऱ्यांवरून वीबके ओरडली. तिच्या हातात उंच टोपी होती. मागे वीसेक माणसं, आणि सगळ्यांच्या पुढे, डब्यात झाकून आणलेला केक सांभाळत, डिर्क्सेन बाई.

"तुम्ही!" माल्टे म्हणाला. "तुम्हीसुद्धा!"

"मी फक्त वेळ ठरवली," डिर्क्सेन बाई म्हणाल्या. "आणि आवृत्ती सातची एक प्रत दिली. वाढदिवसाच्या शुभेच्छा, बाळा. आज द्यायला हरकत नाही."

"अगं वीबके, आज नको! ऐक ना. या प्राध्यापक आहेत. बारा वाजता मुदत संपते. माझी नोकरी..."

"नियम म्हणजे नियम. गेल्या वर्षी फोल्केर्टला ताप होता, तेव्हा तूच हे म्हणालास. हात वर कर."

कोट चढला, टोपी बसली, आणि झाडू हातात आला. झाडू म्हणजे काय, लांब काठीच्या टोकाला दात घासायचा ब्रश बांधलेला. फोल्केर्टने जातीने बांधला होता. त्याला ताप अजून आठवत होता.

"हा दंगा आहे की लग्न?" इनेस बाईंनी डिर्क्सेन बाईंना विचारलं.

"लग्न नाही, तीच तर अडचण आहे," डिर्क्सेन बाई म्हणाल्या, आणि त्यांनी दोन मिनिटांत सगळा प्रकार सांगितला. ऐकताना इनेस बाईंच्या खांद्यावरची शाल हलायला लागली, मग थर्मास, मग त्या अख्ख्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्या मनापासून हसत होत्या, आणि अशा हसत होत्या की चौकातली कबुतरं उठली.

"आणि झाकणं किती आहेत?"

"चाळीस हजार. वीबकेने वर्षभर सहा खानावळींतून गोळा केलीत."

तेवढ्यात पहिल्या दोन टोपल्या वरून रिकाम्या झाल्या. पायऱ्यांवरून झाकणं उतरायला लागली की टिनाच्या पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज होतो. माल्टे दातांच्या ब्रशने झाडू लागला. त्याच्या मनात एकच हिशेब चालू होता: अकराला पाच कमी, बाराला मुदत, म्हणजे पासष्ट मिनिटं. पण आता त्या पासष्ट मिनिटांचा तरी काय उपयोग? बाईंनी नाही म्हणून सांगितलंच होतं. त्याने जोर लावून एक धक्का दिला, आणि झाकणांचा लोंढा शेवटच्या पायरीवरून खाली, दगडी कुंड्यांमधल्या फटीकडे निघाला.

फटीत शिरला आणि थांबला.

माल्टेने काठीने ढोसलं. लोंढा सुटला, हातभर पुढे गेला आणि परत थांबला.

"थांबा!"

आवाज इनेस बाईंचा होता, पण आता त्यात हसू नव्हतं. "कोणी हलू नका. आजोबा, तुमची पेटी बंद. आणि पाय आपटू नका, जमीन हलते!"

युर्गन्स आजोबांचा दांडा अर्ध्या सुरावर थांबला. सगळा चौक थांबला. इनेस बाई गुडघे टेकून कुंड्यांपाशी बसल्या, नाक झाकणांपासून वीतभर अंतरावर. थर्मास आडवा पडून घरंगळत गेला, त्याकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"फट किती?"

कोणीतरी वीत लावून बघितली. फोल्केर्ट सुतार होता. त्याच्या खिशात मोजपट्टी निघाली. "अडतीस सेंटिमीटर."

"झाकण?"

"तीनच्या जरा वर."

"म्हणजे फट झाकणाच्या बारापट रुंद," इनेस बाई स्वतःशीच म्हणाल्या. मग वर बघून, जणू माल्टेनेच काही गुन्हा केलाय अशा सुरात, "अहो, गोल दाणा असेल ना, तर भोक दाण्याच्या सहापट झालं की अडकणं जवळजवळ संपतं. तुम्ही दिवसभर ओता, अडकणार नाही. इथे बारापट आहे! हे अडकायलाच नको!"

"सॉरी," माल्टे म्हणाला.

"सॉरी काय म्हणता? परत करा!"

त्याने परत केलं. परत अडकलं. इनेस बाईंनी अडकलेल्या कमानीतून एक झाकण अलगद उचललं आणि कडेने बोट फिरवत मोजलं. "एकवीस दात." दुसरं मोजलं. "एकवीस. सगळ्यांना एकवीस?"

"सगळ्यांना," युर्गन्स आजोबा म्हणाले. ते चाळीस वर्षं बिअरच्या कारखान्यात होते.

"हे दात एकमेकांत बसतात. चाकासारखे. एकाने फिरायचं म्हटलं तर शेजाऱ्याने उलटं फिरायला हवं, आणि तिसरा मध्ये आला की तिघांनाही फिरता येत नाही." त्यांनी तीन झाकणं फरशीवर एकमेकांना चिकटवून दाखवली. खरंच, तिघं घट्ट. "तीस वर्षं मी गोल दाणे बघतेय. दात असलेला दाणा मी कधी ओतूनच बघितला नाही! आणि तुम्ही लोक हे दर आठवड्याला पायऱ्यांवर ओतता?"

"महिन्यातून एकदा," वीबके म्हणाली. "तिशीला येणाऱ्यांवर अवलंबून."

"आणि दर वेळी अडकतं?"

"दर वेळी. तिथेच. आम्ही लाथ मारतो."

"लाथ मारतात!" इनेस बाईंनी कपाळाला हात लावला. "सकाळपासून मी विचारतेय, काय चुकतं, काय चुकतं, आणि कोणी सांगत नाही!"

"पण हे चुकणं कुठेय?" फोल्केर्ट म्हणाला. "हे असंच असतं."

मग जे सुरू झालं त्याला काही वेळापत्रक नव्हतं. बिअरच्या रिकाम्या पेट्या आणून इनेस बाईंनी पायऱ्यांवर दोन भिंती उभ्या केल्या, खाली निमुळत्या होत जाणाऱ्या. फोल्केर्ट मोजपट्टी घेऊन फट एकेक झाकणाने रुंद करू लागला. वीबके टोपल्या ओतू लागली, "एकदम नाही, एक धार हवी!" अशा ओरडण्याखाली. डिर्क्सेन बाई केकच्या डब्याच्या झाकणावर आकडे लिहीत होत्या. नोंदणी खात्याचे दोन कारकून खिडकीत आले, मग दारात आले, मग त्यांनी बाह्या सरसावल्या. आणि माल्टे, काळ्या कोटात घामाने न्हालेला, दातांच्या ब्रशने प्रत्येक वेळी चाळीस हजार झाकणं वर-खाली करत होता, कारण झाडायचं फक्त त्यानेच, हा नियम मोडायला कोणी तयार नव्हतं.

साडेअकराला तो काठीवर रेलला. "कोणीतरी मुका द्या ना मला. कुलसचिव बाई विद्यापीठात बसल्यात. निदान मीच जाऊन त्यांना सांगतो."

"माझं लग्न झालंय," वीबके म्हणाली.

"आम्ही ठरवलंय, एकच्या आत नाही," बाकीच्या मैत्रिणी एका सुरात म्हणाल्या.

इनेस बाईंनी मान वर केली. "माझं लग्न झालेलं नाही."

सगळ्या चौकाने माना वळवल्या.

"सत्तावीस वर्षं एक्तोरबरोबर राहते. पण लग्न नाही केलं. फॉर्म भरायचा दोघांनाही कंटाळा."

यावर पायऱ्यांवरच सभा भरली. बिनलग्नाची म्हणजे एकटी, असं फोल्केर्टचं म्हणणं. नियमात "लग्न" शब्द आहे, "एकटी" नाही, असं नोंदणी खात्यातल्या मोठ्या कारकुनाचं म्हणणं. आणि कागदावर काय म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? प्रश्न मताला टाकला. उरुग्वेचा मुका चौदा विरुद्ध सहा मतांनी ग्राह्य ठरला.

"मग द्या!" माल्टे गाल पुढे करून म्हणाला.

"आत्ता नाही."

"का?"

"तुम्ही सुटलात तर झाडणार कोण? अजून तेरा, चौदा आणि पंधरा पटींच्या फटी राहिल्यात."

सगळा चौक हसत सुटला. युर्गन्स आजोबा हसता हसता पेटीवर पडले आणि पेटीने एक लांब भसाडा सूर काढला. माल्टेलाही हसू आलं. आधी नाकातून आलं, मग आवरेना. नोकरी गेली, कक्ष गेला, सात आवृत्त्या पाण्यात गेल्या, डोक्यावर टोपी, हातात दातांचा ब्रश, आणि जगातली सगळ्यात मोठी संशोधक त्याला सांगत होती की तू झाड. तो पायरीवर बसून पोट धरून हसला.

"बसू नका!" इनेस बाई म्हणाल्या. "चौदापट!"

अकरा वाजून पन्नास मिनिटांनी ओल्टमान्स बाई चौकात आल्या. माल्टे पाऊण तास फोन उचलत नव्हता. फोन त्याच्या स्वतःच्या कोटात, आणि कोट वीबकेच्या काखेत. ओल्टमान्स बाई झपाझप चालत आल्या, हातात चामडी बॅग, बॅगेत प्रस्ताव. पायऱ्यांशी येऊन त्यांनी सगळं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ब्रुन्स. हे काय आहे?"

माल्टे उभा राहिला. टोपी काढावी की नाही हे त्याला सुचेना. "माझी तिशी आहे, कुलसचिव बाई."

"ते दिसतंय. प्राध्यापक बारेरो कुठे आहेत?"

"इथे!" कुंड्यांमागून आवाज आला. "बरं झालं आलात. ती डावीकडची बिअरची पेटी घसरतेय, जरा धरता का?"

ओल्टमान्स बाई बावीस वर्षं कुलसचिव होत्या, आणि त्यांना पेटी धरा असं आजवर कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी बॅग खाली ठेवली, घड्याळ बघितलं, आणि गुडघ्यावर बसून पेटी धरली.

झाकणं आली. फटीत शिरली. वाहिली, वाहिली, आणि शेवटची मूठभर उरली असताना कच्चकन थांबली.

"पंधरापटीलाही!" इनेस बाई ओरडल्या.

"पंधरापटीलाही!" चौक ओरडला. कशाबद्दल ते सगळ्यांना कळलं होतंच असं नाही. "हे नेहमीपेक्षा जास्त आहे का?" ओल्टमान्स बाईंनी हळूच विचारलं. इनेस बाईंनी सांगितलं, आणि ते सांगणं ऐकताना कुलसचिव बाईंनी पेटी सोडली नाही.

डिर्क्सेन बाईंनी आपल्या मनगटाकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "बारा वाजून एक मिनिट."

इनेस बाई उठल्या, गुडघे झटकले. "मला सही करायची आहे," त्या म्हणाल्या. "इथली. तळ्याकाठच्या लोकांना मी पत्र लिहीन. तिकडे डोंगर आहेत, झाकणं नाहीत."

"मुदत बारा वाजेपर्यंत होती," ओल्टमान्स बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलत नसत. गेल्या बावीस वर्षांत एकदाही नाही. माल्टेने टोपी काढून छातीशी धरली. ओल्टमान्स बाईंनी मान मागे टाकून नगरभवनाच्या मनोऱ्याकडे बघितलं. मोठा काटा बाराच्या तीन मिनिटं अलीकडे होता.

"ते घड्याळ बंद आहे का?" इनेस बाईंनी विचारलं.

"चालू आहे. चार मिनिटं मागे आहे," माल्टे म्हणाला. "मी शाळेत होतो तेव्हापासून. आम्ही मनातल्या मनात चार मिळवतो."

"आणि हेसुद्धा चुकणं नाही?"

"नाही," वीस जण म्हणाले. "ते तसंच असतं."

"प्रस्तावात कुठल्या घड्याळाचे बारा, हे लिहिलेलं नाही," ओल्टमान्स बाई सावकाश म्हणाल्या. "लिहिलेलं नसेल तर गावाचं घड्याळ धरायला हरकत नसावी. पेन कोणाकडे आहे?"

अठ्ठावीस पेनं पुढे आली. कागद युर्गन्स आजोबांच्या पेटीवर ठेवला. इनेस बाईंनी सही करण्याआधी बोट वर केलं. "एक अट. ही झाकणं मला हवीत. सगळी. आणि जी तिशीला येतील त्यांचीही."

ओल्टमान्स बाईंनी समासात स्वच्छ अक्षरात लिहिलं: "बाटल्यांची वापरलेली झाकणं, सुमारे चाळीस हजार, दरमहा वाढीव." क्षणभर थांबून त्यांनी पुढे जोडलं: "आणि ती आणून देण्यासाठी स्वागत कक्ष, कायमस्वरूपी." मग शेजारी आपली आद्याक्षरं घातली. मनोऱ्यावर पहिला ठोका पडला तेव्हा इनेस बाई नावातल्या शेवटच्या अक्षराला वळण देत होत्या.

डिर्क्सेन बाई तोवर ट्राम पकडून गेल्या होत्या. परत आल्या त्या टॅक्सीतून, मागच्या सीटवर दहा पुठ्ठ्याची खोकी कोंबून. "म्हटलं होतं ना, लागली तर असावीत." वीबके आणि कारकून खोक्यांत झाकणं भरू लागले.

"आणि माझा मुका?" टोपी परत डोक्यावर ठेवत माल्टे म्हणाला. "मी अजून सुटलो नाही."

"अरे हो!" इनेस बाई पायऱ्या चढून आल्या. माल्टेचा उजवा हात सवयीने पुढे निघाला. त्याने तो डाव्या हाताने धरून मागे नेला, आणि गाल पुढे केला. इनेस बाईंनी त्यावर मुका दिला, घरी उरुग्वेत सकाळी पेपरवाल्याला देतात तसाच, साधा आणि चट्कन. चौकात टाळ्या झाल्या, युर्गन्स आजोबांची पेटी सुरू झाली, आणि मान मागे घेण्याच्या हिसक्याने माल्टेची टोपी डोक्यावरून सुटली.

ती पहिल्या पायरीवर आपटली, दुसरीवर उडाली, मग कडेवर उभी राहून गोल गोल घरंगळत खाली गेली आणि दोन दगडी कुंड्यांच्या मध्ये जाऊन घट्ट बसली.

माल्टे ती काढायला धावला.

"खबरदार!" मागून इनेस बाई आणि ओल्टमान्स बाई एकदमच ओरडल्या. "कोणी हात लावू नका. आधी मोजू द्या."